नगर जिल्ह्यातलं उदाहरण

काही जण म्हणतात की मिशनरी शाळा-दवाखाने ही फक्त धर्मांतराची दारं होती, मिशन गेलं की इथल्या लोकांशी असलेलं नातंही संपलं. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण नातं संपलं हे मला अजिबात पटत नाही.

नगरला अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत होत्या. ती पाहून जोतीराव भारावले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. एका शाळेने कुठवर मजल मारली बघा!

दुसरं जामखेडचं. रजनीकांत आणि मॅबेल आरोळे हे दोघे ख्रिस्ती डॉक्टर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, नेवाशाजवळ वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले. बरा करून पाठवलेला पेशंट तोच आजार घेऊन परत येतोय, हे त्यांनी तिथे पाहिलं. मग १९७० मध्ये त्यांनी जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम उभारलं. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचदा निरक्षर बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण करणं, पोरांचं वजन घेणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देणं, सगळं त्या शिकल्या. त्यांत दलित बायाही होत्या. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्याच हाती लेकीसुनांची बाळंतपणं आली. मला तरी यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

मॅबेलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम त्यांच्यामागेही चालू राहिलंय.