कुर्डीच्या जुन्या टोपोशीटवर (सरकारी मोजणीच्या नकाशावर) आजोळचा वाडा, म्हणजे गावातली आमची वस्ती, बसवायचा आहे, मदत हवी

नमस्कार. माझं आजोळ गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा गाव म्हटलं की बाहेरचेही ओळखतात. आजोळची माणसं तिथून उठून वालकिणीला आली. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती आणि तुळशीवृंदावनं वर येतात, मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला सगळे जमतात आणि पाऊस लागला की गाव परत पाण्यात जातो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या धरणाआधीच्या १:५०,००० टोपोशीटचं स्कॅन मिळालंय. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या उपग्रहचित्रावर बसवतोय, पण एकीकडे जुळवलं की दुसरीकडे सरकतं. जुनी शीट एव्हरेस्ट स्फेरॉइड (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आणि पॉलिकॉनिक प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत), आजचं चित्र डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस वापरतं ती संदर्भप्रणाली), एवढं समजलं. मग कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घालून शीट आधी जुन्याच डेटमवर (संदर्भप्रणालीवर) बसवायची आणि नंतर रूपांतर करायचं, की थेट खुणा जुळवायच्या?

खरी अडचण खुणांचीच आहे. एरवी देवळासारखी भरवशाची खूण नाही. पण कुर्डीचं महादेवाचं प्राचीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभं केलं. मी आधी तेच देऊळ धरलं आणि अख्खी शीट कित्येक किलोमीटर सरकली. रस्ते, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) पाण्यात. आता फक्त डोंगरमाथे धरावेत का? २० मीटरच्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) माथा नेमका कसा पकडता?

दुसरं, या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. वाडा नखाएवढा. मोठा मामा सांगतो, "मांडावरून खाली उतरलं की तळी, तळीच्या उजवीकडे आपलं घर." मांड म्हणजे गावाने सणाउत्सवाला जमायची जागा. शीटवर देऊळ आहे, विहीर आहे. मांड नाही, राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा नाही, आणि गावातली माणसं वाट सांगतात ती यांच्यावरूनच. म्हणून येत्या मे महिन्यात मामाला घेऊन ती वाट चालायची आहे. तो ७८ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

मोबाइल रेंजशिवाय चाललेली वाट नोंदवणारं आणि जागोजागी मामाचा आवाज जोडता येईल असं कुठलं अ‍ॅप वापरलंय कुणी? पोर्तुगीज काळातले या भागाचे जमीन मोजणीचे आराखडे पणजीच्या पुराभिलेखात कुणी पाहिलेत का? आणि वाडे, वालकिणी या पुनर्वसनाच्या गावांतल्या कुणाच्या घरी कुर्डीतल्या वाड्यांची नावं ठाऊक असलेली म्हातारी माणसं असतील तर कृपया कळवा. मी घरी येऊन भेटेन.