रंग उडाला म्हणजे प्रदूषक संपले का? प्रकाश-उत्प्रेरक पॉलिमरांवरील संशोधनाविषयी चर्चा

रेणुबंध (धागाकर्ते)

प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करणारे उत्प्रेरक आणि त्यांना धरून ठेवणारे निसर्गोत्पन्न पॉलिमर हा सध्या रसायनशास्त्रातील भरभराटीचा विषय आहे. अल्जिनेट, कायटोसान, सेल्युलोज यांपैकी एखादे पॉलिमर घ्यायचे, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे किंवा कार्बन नायट्राइडचे सूक्ष्म कण मिसळायचे, मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात ते टाकून दिवा लावायचा आणि निळा रंग किती टक्के उडाला ते सांगायचे, असा त्याचा ठरीव साचा होऊन बसला आहे. या साच्यात केलेल्या बऱ्याचशा कामातून प्रदूषक नष्ट झाल्याचे सिद्ध होत नाही आणि ‘हरित’ हे विशेषण त्यात फार स्वस्तात लावले जाते, असे माझे मत आहे.

मूळ विज्ञानावर माझा आक्षेप नाही. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासून या क्षेत्राचा पाया पक्का आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण शोषला की उत्प्रेरकात एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि त्याच्या जागी धनभारित पोकळी राहते. ही जोडी पुन्हा एकत्र येण्याआधी पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर पाणी आणि ऑक्सिजन यांच्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि ते सेंद्रिय रेणू तोडतात.

अडचण मोजमापात आहे. मेथिलीन ब्लूचा रंग 664 नॅनोमीटरच्या आसपासच्या शोषणामुळे दिसतो. त्या रेणूवरचे मेथिल गट एकेक करून गळाले की शोषणाचे शिखर कमी तरंगलांबीकडे सरकते. रेणूला इलेक्ट्रॉन मिळून त्याचे क्षपण झाले की तो रंगहीन होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. या दोन्ही प्रसंगी 664 वरचा आकडा घसरतो, पण रेणूचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा असतो. शिवाय हे रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते, त्यामुळे उत्प्रेरकाने काही केले की रंगद्रव्यानेच प्रकाश घेऊन इलेक्ट्रॉन पुढे ढकलला, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. दृश्य प्रकाशावरील चाचणीसाठी मेथिलीन ब्लू योग्य आहे का, हा प्रश्न ओहतानी यांच्या गटाने 2006 मध्येच प्रयोगांसह उपस्थित केला होता. तरीही साचा बदललेला नाही.

या रेणूत 16 कार्बन, 3 नायट्रोजन आणि 1 गंधक असतो. विघटन खरोखर पूर्ण झाले असेल, तर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन घटला पाहिजे आणि सल्फेट, अमोनियम, नायट्रेट हे आयन पाण्यात सापडले पाहिजेत. ही मोजमापे नसतील तर शीर्षकात ‘विघटन’ हा शब्द येऊ देऊ नये.

दीपकळी

धागाकर्त्यांचे रसायनशास्त्र बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र एकांगी आहे. रंगद्रव्याची चाचणी प्रदूषण निवारणाचा पुरावा म्हणून जन्मालाच आलेली नाही. एकाच दिवशी आठ नमुने तयार झाले असतील आणि त्यांतील कोणत्या दोघांवर पुढचे महागडे मोजमाप करावे हे ठरवायचे असेल, तर स्वस्त आणि जलद चाळणी लागतेच. आयएसओ 10678 हे आंतरराष्ट्रीय मानकही मेथिलीन ब्लूवर आधारलेले आहे. मात्र त्यात जंबुपार प्रकाश वापरला जातो आणि विषय उत्प्रेरक लेपांच्या पृष्ठभागांचा आहे. चाचणी तिच्या मर्यादेबाहेर वापरली गेली, तर दोष वापरणाऱ्याचा धरावा.

दुसरे म्हणजे आपण पॉलिमरला केवळ कण धरून ठेवणारी पिशवी समजत आहात. पॉलिमर स्वतः उत्प्रेरक असू शकतो. वांग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये कार्बन नायट्राइड या धातुविरहित पॉलिमरवर दृश्य प्रकाशात हायड्रोजन तयार होतो हे दाखवले. अनाटेज रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचे ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे त्याला 387 नॅनोमीटरहून लांब लहरींचा उपयोग होत नाही आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत जंबुपार भाग जेमतेम 4 ते 5 टक्के असतो. कार्बन नायट्राइडचे अंतर सुमारे 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे तो साधारण 460 नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही वापरतो. साखळीत बदल करून प्रकाशशोषण, छिद्रे आणि पृष्ठभागावरचा भार हव्या त्या दिशेने वळवता येतात, ही सोय साध्या ऑक्साइडमध्ये एवढ्या प्रमाणात मिळत नाही.

जलसाक्षी

माझे काम पाणी शुद्धीकरणाशी संबंधित असल्यामुळे मी हा वाद काचपात्राबाहेर नेतो. प्रयोगात लिटरमागे 10 मिलिग्रॅम रंगद्रव्य घेतले जाते, तेही ऊर्ध्वपातित पाण्यात. प्रत्यक्षात ज्या औषधी अवशेषांची चिंता वाटते ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या किंवा त्याहून खालच्या पातळीवर असतात आणि त्यांच्या सोबतीला बायकार्बोनेट, क्लोराइड आणि नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये असतात.

एक हिशेब करून पाहा. कार्बामाझेपिन हे जैविक प्रक्रियेला दाद न देणारे औषध आहे. लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम म्हणजे त्याचे सुमारे 4 नॅनोमोल. हायड्रॉक्सिल रॅडिकलशी त्याचा वेगांक (अभिक्रिया किती झपाट्याने होते ते सांगणारा आकडा) सुमारे 9×10⁹, म्हणजे सांद्रता आणि वेगांक यांचा गुणाकार येतो 37 च्या आसपास. त्याच पाण्यात लिटरमागे 3 मिलिमोल बायकार्बोनेट असेल, तर त्याचा वेगांक 8.5×10⁶ इतका कमी असूनही गुणाकार 25,000 च्या वर जातो. म्हणजे द्रावणात मोकळे सुटलेले सुमारे 700 रॅडिकल बायकार्बोनेट गिळणार, तेव्हा कुठे एक औषधाच्या वाट्याला येणार. नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य मी अजून मोजलेलेच नाही. सक्रिय कार्बन आणि ओझोन या रुळलेल्या पद्धतींपुढे उभे राहायचे असेल, तर या हिशेबाला उत्तर द्यावे लागेल. 95 टक्के रंग उडाला, हे त्याचे उत्तर नव्हे.

दीपकळी

जलसाक्षी, हा हिशेब माझ्याच बाजूने साक्ष देतो. तो मोकळ्या द्रावणाला लागू आहे. प्रदूषकाला निवडून पृष्ठभागाजवळ आणणारे पॉलिमर असेल, तर तेथील सांद्रता बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते आणि बायकार्बोनेटचा वरचष्मा कमी होतो. कार्यात्मक पॉलिमर हवेत ते याचसाठी. स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कड्या जोडून तयार केलेले सच्छिद्र पॉलिमर अनेक सूक्ष्मप्रदूषके सक्रिय कार्बनपेक्षाही वेगाने उचलते, असे डिक्टेल यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले आहे. अशा पकडीच्या शेजारी उत्प्रेरक बसवला तर पकडणे आणि तोडणे एकाच जागी होईल.

रेणुबंध

पकडणारा आणि तोडणारा शेजारी बसवले की पहिला बळी कोणाचा जातो, याचा विचार व्हायला हवा. पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल फार तर काही मायक्रोसेकंद टिकतो आणि सेंद्रिय द्रव्याच्या गर्दीत तर नॅनोसेकंदांतच संपतो, त्यामुळे तो जन्मस्थानापासून फार दूर जात नाही. त्याच्या टप्प्यात सर्वांत जवळचा सेंद्रिय कार्बन कोणाचा? त्या पॉलिमरचाच.

अल्जिनेटचे मणी घ्या. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात उत्प्रेरक कालवून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले की पांढरे, गुळगुळीत, दोन-तीन मिलिमीटरचे मणी तयार होतात. निळ्या द्रावणात टाकल्यावर ते आधी कडेने निळे होतात आणि निळाई आतवर झिरपायला काही तास लागतात, कारण अल्जिनेटवरचे ऋणभारित कार्बोक्झिलेट गट धनभारित रंगद्रव्याला ओढून घेतात. प्रथेप्रमाणे अर्धा तास अंधारात ठेवून ‘समतोल आला’ असे गृहीत धरले जाते आणि दिवा लागतो. पुढचे दोन तास मणी रंग शोषतच असतात आणि ते सारे श्रेय प्रकाशाच्या खात्यावर जमा होते. मणी मधोमध कापून पाहिला तर आत निळे वर्तुळ दिसते, पण आलेखात ते कुठेच दिसत नाही. चार-पाच आवर्तनांनंतर मणी मऊ पडतात, द्रावण किंचित गढूळ होते आणि तळाशी पांढरी भुकटी साचते. पाण्यात सोडियमचे क्षार पुरेसे असतील तर कॅल्शियम निसटल्यामुळे हे आणखी लवकर घडते. अशा वेळी पाण्यातील सेंद्रिय कार्बन प्रयोगाआधीपेक्षा वाढलेलाही सापडू शकतो.

आणि आपण गौरवलेल्या त्या सायक्लोडेक्स्ट्रिन पॉलिमरमधला कड्या सांधणारा जोडक टेट्राफ्लोरोटेरेफ्थॅलोनायट्राइल आहे. कडी स्टार्चची, सांधा फ्लोरिनचा. याला निसर्गोत्पन्न म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

कुतूहल

मी या क्षेत्राबाहेरचा वाचक आहे. रॅडिकल जर पॉलिमरलाच खात असतील, तर मुळात पॉलिमर हवेच कशाला? कण तसेच पाण्यात टाकता येत नाहीत का?

जलसाक्षी

टाकता येतात आणि त्यांचा वेगही उत्तम मिळतो. परंतु प्रचलित व्यापारी कण 20 ते 30 नॅनोमीटरचे असतात. ते शुद्ध झालेल्या पाण्यातून पुन्हा गाळून काढणे हेच स्वतंत्र आणि खर्चिक काम होऊन बसते. म्हणून काच, चिनी माती किंवा पॉलिमर यांवर ते बसवावे लागतात. बसवल्यावर पृष्ठभाग कमी होतो, प्रकाश आतपर्यंत पोहोचत नाही आणि वेग घटतो. रॅडिकलला टिकणारी पॉलिमरेही आहेत, परंतु ती बहुधा फ्लोरिनयुक्त असतात. आणि ज्या पदार्थांना ‘चिरस्थायी रसायने’ म्हणून आपण पाण्यातून हाकलू पाहतो, त्याच कुळातल्या पदार्थाने पाणी शुद्ध करायचे, हे मला तरी रुचत नाही.

तंतू

सेल्युलोजवर काम करत असल्यामुळे येथे मला दोन्ही पक्षांशी असहमती नोंदवावी लागते आहे.

रेणुबंध यांनी अल्जिनेटच्या मण्यावरून सर्व जैवपॉलिमरांना एकाच तागडीत तोलले आहे. कॅल्शियमने बांधलेले अल्जिनेट हे त्यांतील सर्वांत लेचेपेचे उदाहरण आहे. स्फटिकमय सेल्युलोजची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यातील साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट रचलेल्या असतात आणि झीज प्रामुख्याने पृष्ठभागावर होते. झीज होतच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु आधार स्वस्त असेल, दर काही महिन्यांनी बदलता येत असेल आणि त्याच्या झिजेतून निघणारे तुकडे साध्या शर्करा आणि आम्ले असतील, तर ते सूक्ष्मजीवांना सहज पचतात. फ्लोरिनयुक्त आधाराच्या तुकड्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

दीपकळी यांना माझा प्रश्न वेगळा आहे. कार्बन नायट्राइड धातुविरहित आहे हे खरे, पण तो मेलामाइन किंवा युरिया सुमारे 550 अंश सेल्सिअसला तापवून तयार होतो. दोन्हींचे मूळ अमोनियात आहे आणि अमोनिया आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून येतो. शिवाय त्यातील धनभारित पोकळीची ऑक्सिडीकरण क्षमता पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवण्याइतकी नाही, त्याचे काम बरेचसे सुपरऑक्साइडमार्फत, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळून बनणाऱ्या सौम्य रॅडिकलमार्फत चालते. मग ज्या हट्टी रेणूंसाठी हा सारा खटाटोप आहे, ते त्याला तुटतात की नुसते रूप बदलतात? कार्बामाझेपिनच्या अपूर्ण विघटनातून ॲक्रिडीन तयार होते आणि ते निरुपद्रवी नाही.

दीपकळी

ॲक्रिडीनचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मधल्या पदार्थांची ओळख आणि विषारीपणाची चाचणी हवी, असे मीही म्हणते. परंतु सौम्य ऑक्सिडीकारक हा नेहमीच दोष नसतो. रॅडिकल कमी आक्रमक असेल तर आधारही कमी झिजतो आणि निवड करण्याला वाव राहतो.

झिजेवर दुसराही मार्ग आहे. पकडणे आणि तोडणे वेगळ्या टप्प्यांत करावे. पॉलिमरने मोठ्या प्रमाणातील पाण्यातून प्रदूषक गोळा करावे, मग थोड्या द्रावकाने ते धुऊन काढावे आणि त्या लहानशा, दाट द्रावणावरच प्रकाश पाडावा. सायक्लोडेक्स्ट्रिन पॉलिमर साध्या तापमानाला मेथॅनॉलने धुऊन पुन्हा वापरता येते. यात पॉलिमर रॅडिकलसमोर येतच नाही आणि जलसाक्षींचे बायकार्बोनेटही मागे राहते.

जलसाक्षी

बायकार्बोनेट मागे राहील, पण मेथॅनॉल पुढे येईल. हायड्रॉक्सिल रॅडिकलशी त्याचा वेगांक सुमारे 10⁹ आहे आणि ते तर द्रावकच, म्हणजे सांद्रता अफाट. प्रकाश पाडण्याआधी मेथॅनॉल उडवून परत मिळवावे लागेल आणि उरलेला अंश पाण्यात घ्यावा लागेल. ते अशक्य नाही, कारखान्यांत ऊर्ध्वपातन रोजच चालते. मात्र त्या उष्णतेचा खर्च धरून, एक घनमीटर पाण्यातील प्रदूषक दहापट कमी करायला किती किलोवॉट-तास लागतात, हा आकडा मांडला जावा. ‘प्रति-दशांश विद्युत ऊर्जा’ अशा स्वरूपाचे हे माप दिव्यावर चालणाऱ्या पद्धतींसाठी पूर्वीपासून रूढ आहे. सूर्यप्रकाश फुकट असल्याचे सांगून ते टाळू नये. सूर्यप्रकाशाच्या बाबतीत त्याऐवजी किती चौरस मीटर क्षेत्र लागेल ते सांगावे. टप्पे वेगळे करण्याची कल्पना मला या चर्चेतील सर्वांत व्यवहार्य वाटते, हेही नमूद करतो.

रेणुबंध

टप्पे वेगळे केल्यास माझा झिजेचा आक्षेप मागे घ्यावा लागेल आणि तो मी घेतो. तंतू यांच्या सेल्युलोजबद्दल मात्र मला आकडे हवेत. प्रकाशाखाली, रंगद्रव्याविना, निव्वळ पाण्यात ठेवलेल्या, उत्प्रेरक बसवलेल्या सेल्युलोजच्या पट्टीतून किती सेंद्रिय कार्बन सुटतो आणि वाळवलेल्या पट्टीचे वजन आधी व नंतर किती भरते? हा कोरा प्रयोग कुणालाही परवडण्यासारखा आहे. वजनकाटा तर प्रत्येक प्रयोगशाळेत असतो.

तंतू

कोऱ्या प्रयोगाची मागणी रास्त आहे, पण निव्वळ पाणी पुरेसे नाही. प्रदूषक नसताना सगळे रॅडिकल आधारावरच तुटून पडतील आणि झीज प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल. एक पट्टी निव्वळ पाण्यात, दुसरी बायकार्बोनेट घातलेल्या पाण्यात आणि तिसरी उत्प्रेरकाविना, अशा तिन्ही पट्ट्या एकाच दिव्याखाली ठेवाव्या लागतील. त्यांपैकी दुसरीचा आकडा मी ग्राह्य धरेन.