स्ट्रेप्टोमायसीन कोणाचे? वॅक्समन, शाट्झ आणि १९५२ चे नोबेल

धागाकर्ता

परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की नोबेलच्या तोडीचे काम भिडस्त माणसाच्या हातून होत नाही. विद्यार्थी हे प्रयोगशाळेचे हात असतात आणि डोके प्रमुखाचे असते. त्यामुळे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसीन या औषधासाठी प्रयोगशाळेचे प्रमुख सेल्मन वॅक्समन यांनी १९५२ साली एकट्याने पारितोषिक स्वीकारले यात वावगे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोन दिवस मी उत्तर द्यायचे टाळले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

वॅक्समन यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ शोधाच्या वेळी तेवीस वर्षांचे होते. महिना चाळीस डॉलरवर ते अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या तळघरात क्षयाच्या जिवंत जंतूंबरोबर काम करत होते, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे वॅक्समन त्या तळघरात एकदाही उतरले नाहीत. २३ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांच्या वहीत अकरावा प्रयोग सुरू झाला आणि १९ ऑक्टोबरला त्यांची खात्री पटली की आपल्या हाती नवे प्रतिजैविक आले आहे. जानेवारी १९४४ च्या शोधनिबंधात पहिले नाव शाट्झ यांचे आहे आणि पेटंटवरही दोघांची नावे आहेत. पुढे शाट्झ यांनी आपले हक्क विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाला लिहून दिले, कारण या औषधातून दोघांपैकी कोणीही पैसा घेणार नाही अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात प्रतिष्ठानाशी झालेल्या करारानुसार वॅक्समन यांना रॉयल्टीतला वाटा मिळत होता आणि शाट्झ यांना त्याचा पत्ताही नव्हता. १९५० साली त्यांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे ही गोष्ट उजेडात आली.

वॅक्समन यांना नोबेल हवे होते, याबद्दल माझी तक्रार नाही. ते हवे असणाऱ्या माणसाने सहकाऱ्यापासून काय लपवले, याबद्दल आहे.

निवृत्त मार्गदर्शक

ते वाक्य माझेच आहे आणि ते मी मागे घेत नाही.

आपण १९ ऑक्टोबरपासून कथा सुरू करता, म्हणून ती एका तरुणाची कथा वाटते. ती किमान १९३९ पासून सुरू करा. मातीतल्या ॲक्टिनोमायसीट गटाचे जंतू एकामागून एक वेगळे करायचे आणि प्रत्येकाची रोगजंतूंविरुद्ध चाचणी घ्यायची, ही पद्धत वॅक्समन यांनी उभी केली. त्याच पद्धतीतून १९४० मध्ये ॲक्टिनोमायसीन आणि १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसीन ही प्रतिजैविके निघाली. दोन्ही विषारी ठरली, तरी त्यांनी माघार घेतली नाही. शाट्झ त्या बाकावर नसते, तर शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याच्या हाती तोच जंतू लागला असता. विहिरीला पाणी लागते ते शेवटच्या पहारीने, पण जागा ज्याने दाखवली त्याचेच नाव गाव घेते.

आणखी एक गोष्ट आपण गाळलीत. उत्पादनाचे हक्क आधी एकट्या मर्क कंपनीकडे होते. १९४६ मध्ये वॅक्समन यांनी कंपनीचे मन वळवून ते हक्क प्रतिष्ठानाकडे आणले, त्यामुळे अनेक कंपन्यांना हे औषध बनवता आले. हे काम तळघरात बसलेला कोणताही विद्यार्थी करू शकला नसता.

वकील, नागपूर

पद्धत कोणाची होती, हा एक प्रश्न झाला. शपथेवर काय सांगितले गेले, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कागदावर आहे. पेटंटचा अर्ज करताना वॅक्समन यांनी आपण आणि शाट्झ संयुक्त संशोधक आहोत, असे शपथपूर्वक लिहून दिले होते. ज्या माणसाने १९४५ मध्ये तशी शपथ घेतली, त्याने काही वर्षांनी तोच सहकारी केवळ सांगकाम्या होता असे म्हणावे, हे कोणत्याही न्यायालयात टिकले नसते, आणि टिकलेही नाही. डिसेंबर १९५० मध्ये तडजोड झाली, शाट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली, परदेशी पेटंटपोटी सव्वा लाख डॉलर मिळाले आणि रॉयल्टीतला तीन टक्के वाटा ठरला. वॅक्समन यांच्याकडे दहा टक्के राहिले. हे सारे नोबेलच्या आधी दोन वर्षे घडले असल्याने, आम्हाला माहीत नव्हते असे म्हणायची सोय निवड करणाऱ्यांनाही नव्हती.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका

दोन पुरुषांचा हिशेब आपण सगळे मोठ्या बारकाईने करत आहात. जानेवारी १९४४ च्या त्या निबंधावर तीन नावे आहेत आणि मधले नाव एलिझाबेथ ब्यूगी यांचे आहे. त्यांच्याकडून शोधात आपला वाटा नसल्याचे लिहून घेण्यात आले आणि पेटंटमधून त्यांचे नाव वगळले गेले. पुढे त्यांनी घरच्यांना सांगितले की, तुझे लग्न होईल, संसार होईल, तुला पेटंटवर नाव कशाला हवे, अशी त्यांची समजूत घालण्यात आली होती. तडजोडीनंतर त्यांच्या वाट्याला रॉयल्टीतले ०.२ टक्के आले.

मी स्वतः एम. एस्सी. झाल्यावर एका प्रयोगशाळेत तीन वर्षे काम केले आणि माझे लग्न ठरल्याचे कळताच माझ्या निरीक्षणांची वही दुसऱ्याच्या हाती देण्यात आली. शोधनिबंध निघाला, तेव्हा आभाराच्या परिच्छेदातसुद्धा माझे नाव नव्हते. त्यामुळे शाट्झ यांच्या बाजूने बोलताना धागाकर्त्यांचा आवाज चढतो आणि ब्यूगी यांचा उल्लेखही येत नाही, याचा मला मनापासून त्रास झाला.

धागाकर्ता

ताई, चूक मान्य आहे. त्यांचे नाव मला माहीत होते आणि तरी मी ते लिहिले नाही, याला माझ्याकडे सबब नाही.

निवृत्त मार्गदर्शक

ताईंच्या बाबतीत झाले ते चुकीचेच झाले. परंतु आता प्रत्येक मार्गदर्शकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाईल, म्हणून स्पष्ट लिहितो. मी सव्वीस वर्षे विद्यार्थी घडवले. विषय माझा, अनुदानासाठी चकरा माझ्या, रसायने वेळेवर आली नाहीत तर उधारीवर आणणारा मी, आणि प्रबंधाची मराठी वळणाची इंग्रजी रात्री बसून सरळ करणाराही मीच. विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातो. अपयशी ठरलेले प्रयोग मार्गदर्शकाच्या नावावर राहतात. मग यश तेवढे विद्यार्थ्याचे कसे? पल्सार ताऱ्यांचे संकेत विद्यार्थिदशेत पहिल्यांदा टिपणाऱ्या जोसलिन बेल यांनी स्वतःच सांगितले होते की अपवाद वगळता विद्यार्थ्यांना नोबेल देणे त्या पारितोषिकाला शोभणार नाही. १९७४ साली त्या शोधाच्या नोबेलमधून त्या स्वतःच वगळल्या गेल्या असताना त्यांनी हे म्हटले आहे.

माजी पीएच. डी. विद्यार्थी

सर, बेल यांचा मोठेपणा हा मार्गदर्शकांसाठी परवाना होऊ शकत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा केली, म्हणून अन्याय करणारा निर्दोष ठरत नाही.

आपण उधारीवर रसायने आणलीत, त्याबद्दल आदर आहे. माझे मार्गदर्शक माझ्या प्रयोगांच्या खोलीत वर्षातून दोनदा येत असत, एकदा दिवाळीपूर्वी आणि एकदा अनुदान समितीच्या भेटीआधी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी सक्तीचे केले (ही सक्ती २०२२ मध्ये उठली) आणि त्या काळात मार्गदर्शकाची सही ही विद्यार्थ्याच्या गळ्याभोवतीची दोरी झाली. माझ्या निबंधावर पहिले नाव त्यांचे आणि दुसरे त्यांच्या मेहुण्याचे होते. हा मेहुणा वाणिज्य शाखेचा होता. मी सही केली, कारण घरी वडील निवृत्त झाले होते आणि मला नोकरी हवी होती. शाट्झ यांनी हक्क सोडण्याच्या कागदावर सही का केली, असे मला कोणी विचारू नये.

निवृत्त मार्गदर्शक

आपल्या मार्गदर्शकांच्या वर्तनाचे समर्थन मी केलेले नाही आणि ते माझ्या माथी मारू नये. एका नीतिभ्रष्ट माणसावरून पिढीला शिव्या देणे हा युक्तिवाद नव्हे.

माजी पीएच. डी. विद्यार्थी

‘विद्यार्थी हे हात असतात’ हे वाक्य आपलेच आहे, सर. माझे मार्गदर्शक वेगळे काही म्हणत नव्हते.

पिंपरीकर

इतका वेळ वाचत होतो. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे घरात या औषधाचे नाव देवाच्या नावासारखे घेतले जाई. १९५४ मध्ये कारखान्याची स्थापना झाली, आधी पेनिसिलिन निघाले आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीनही निघू लागले.

पण माझी खरी आठवण आजीची आहे. पन्नाशीच्या दशकात तिला क्षय झाला. शेजाऱ्यांनी पाणवठा वेगळा केला होता आणि आजोबांनी तिच्या नावाने जवळजवळ पाणी सोडले होते. तिला रोज स्ट्रेप्टोमायसीनची सुई टोचत असत. ती वाचली आणि त्यानंतर एकतीस वर्षे जगली, मात्र तिची श्रवणशक्ती गेली. या औषधाचा कानावर तसा परिणाम होतो. आम्ही नातवंडे तिच्याशी पाटीवर लिहून बोलत असू. वॅक्समन की शाट्झ या वादात मला रस नाही असे लिहायला मी बसलो होतो, पण लिहिताना लक्षात आले की ज्याने तळघरात बसून तो जंतू पहिल्यांदा पाहिला, त्याचे नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. वडिलांनाही नव्हते, आणि त्यांनी हयात त्याच कारखान्यात काढली. याचे मला आज फार वाईट वाटते.

वकील, नागपूर

मूळ मुद्द्यावर येऊ. नोबेल तिघांना विभागून देता येते, हे १९४५ च्या पेनिसिलिनच्या पारितोषिकाने दाखवून दिले होते. १९५२ मध्ये जागा रिकाम्या होत्या. शाट्झ ज्या लहान महाविद्यालयात शिकवत, तेथून नोबेल समितीकडे विनंती गेली आणि ती फेटाळली गेली. गिनीपिगवर आणि रुग्णांवर चाचण्या करणारे मेयो क्लिनिकचे फेल्डमन आणि हिन्शॉ हेदेखील वगळले गेले. निवड समितीची असली, तरी विजेत्याला तोंड असते. १९२३ साली इन्सुलिनच्या पारितोषिकातून सहकारी बेस्ट यांचे नाव सुटले, तेव्हा विजेते बँटिंग यांनी आपली अर्धी रक्कम त्यांना दिली आणि दुसरे विजेते मॅक्लिओड यांनी आपली अर्धी कॉलिप या सहकाऱ्याला दिली. त्या दोघा विजेत्यांचे आपसांत पटत नव्हते आणि दोघेही महत्त्वाकांक्षी होते, तरीही त्यांना हे सुचले.

निवृत्त मार्गदर्शक

बँटिंग यांचे उदाहरण चपखल आहे, हे मान्य करावे लागते. तरी हे नोंदवतो की वॅक्समन यांनी रॉयल्टीतून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी केली. तो पैसा ऐषआरामात गेला नाही.

धागाकर्ता

मर्कचा मुद्दा आणि संस्थेचा मुद्दा, दोन्ही मला मान्य आहेत. वॅक्समन नसते तर औषध इतक्या लवकर पिंपरीकरांच्या आजीपर्यंत पोहोचले नसते, हेही मान्य. पण खटल्यानंतर शाट्झ यांना नावाजलेल्या विद्यापीठांची दारे बंद झाली, ते पुढे चिलीत जाऊन शिकवू लागले, आणि रटगर्सने त्यांना पदक दिले ते थेट १९९४ मध्ये, शोधाला पन्नास वर्षे उलटल्यावर. संस्था उभारणाऱ्या माणसाला एक वाक्य उच्चारणे अवघड नव्हते. स्टॉकहोमच्या मंचावर ‘हे आम्ही दोघांनी मिळून केले’ असे म्हणायला दमडीही लागत नव्हती.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका

तिघांनी मिळून.

निवृत्त मार्गदर्शक

वॅक्समन यांच्या पद्धतीबद्दलचे माझे मत कायम आहे. ब्यूगी यांच्या ०.२ टक्क्यांबद्दल मात्र ताईंना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही. काल रात्री मी माझ्या जुन्या शोधनिबंधांची यादी काढून बसलो होतो. त्यात दोन नावे नाहीत, जी असायला हवी होती. त्या दोघींचे पत्ते शोधतो आहे.