जाहिरात एजन्सी सोडून कंपनीत गेलं की सहाला सुटका? कोण म्हणतं?

बजेटशीट: काल इथे एकाने लिहिलं, "जाहिरातीच्या प्रोड्यूसरांनी रडत बसू नये, एखाद्या कंपनीच्या मार्केटिंगमध्ये जावं, सहाला घरी." हा सल्ला अर्धवट आहे. पीपीएममध्ये, म्हणजे शूटआधीच्या शेवटच्या बैठकीत, लोकेशन, कास्टिंग, कपडे सगळं पक्कं झाल्यावर वरच्या साहेबांना नवीन काही सुचतं, तिथून रात्री जागवायला लागतात. कंपनीत गेलात तर त्या साहेबांचा फोन थेट तुम्हालाच येईल. मुलाखतीत विचारा, अंतिम मंजुरी एकाची की पाच जणांची? "आम्ही सगळे मिळून बघतो" म्हणाले की समजून जा.

मिहानवाला: काहून घाबरवता भाऊ? मार्केटिंगच कशाला पाहिजे? इथे नागपुरातच मिहान या औद्योगिक भागातल्या आयटी कंपन्यांत प्रोजेक्ट मॅनेजर लागतात. बायोडेटात फिल्मची नावं लिहू नका. बजेट किती सांभाळलं, व्हेंडर किती, मंजूर आकडा आणि शेवटचा खर्च यांत फरक किती, हे लिहा. पदवी असेल तर पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव तुमच्याकडे आहेच.

धरमपेठकर: त्यापेक्षा इथेच स्वतंत्र लाइन प्रोड्यूसर (शूटचा खर्च आणि जमवाजमव सांभाळणारा) व्हा. मुंबईच्या युनिटला विदर्भात माणूस लागतोच, काम आपल्या मर्जीनं घेता येतं.

बजेटशीट: मर्जीनं? मे महिन्यात नागपुरात बाहेरचं शूट असेल तर दुपारचे चार-पाच तास बाद. म्हणून कॉल, म्हणजे हजर व्हायची वेळ, पहाटे पाचचा, म्हणजे गाड्या तीनला निघणार. आणि पैशाचं काय? १० लाखांच्या बिलावर १.८० लाख जीएसटी. मासिक रिटर्न असेल तर तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरायचा. क्लायंट देणार ९० दिवसांनी!

धरमपेठकर: कायदा वाचा आधी! सरकारची 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेच लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. फक्त नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा, नंतर केली तर जुन्या बिलाला उपयोग होईलच असं नाही.

बजेटशीट: कायदा पाठ आहे. थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की तो क्लायंट पुन्हा फोन करत नाही, हेही लिहा ना!

मिहानवाला: मूळ प्रश्न नोकरी बदलण्याचा होता. तुम्ही दोघं बिलातच अडकले.

धरमपेठकर: बिल हाच प्रश्न आहे जी! पैसे अडकले की माणूस येईल ते काम घेतो, मग कुठली सुट्टी? ५० टक्के आगाऊ, शूटच्या आधी ३०, उरलेले मास्टर (फिल्मची अंतिम फाइल) देण्याआधी. तोवर वॉटरमार्कवालीच फाइल. एडिटच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. हे कोटेशनवरच छापा.

बजेटशीट: वॉटरमार्कचं मान्य. पण ५० टक्के आगाऊ मोठी कंपनी देत नाही, तिची खरेदी शाखा आधी पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) मागते. पीओ हातात आल्याशिवाय युनिट बुक करू नका, एवढं तरी नवीन पोरांना सांगा.