वडिलांना लकवा, घरी आणायचंय. तयारी काय करावी?

अंबाजोगाईकर: उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतं. दोन दिवसांत सुट्टी होईल. घर गावाकडं, बाज सुतळीची, संडास उकिडवं बसायचा. चहा पाजला की ठसका लागतो.

फिजिओ, नांदेड: बाज आधी काढा. मध्ये झोळ पडतो, कूस बदलता येत नाही. पलंग घट्ट हवा, काठावर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतील एवढाच उंच. दर 2 तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज पाहा. उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी.

गोदाकाठ: ठसका हलक्यात घेऊ नका, घोट फुप्फुसात गेला की न्यूमोनिया. सुट्टीआधीच गिळण्याची तपासणी मागा. ताठ बसवून चमचा-चमचा भरवा. भाकरी वरणात कुस्करून पार एकजीव. कोरडा चुरा घशात अडकतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

अंबाजोगाईकर: माकडहाड लाल दिसतंय. तेलानं चोळू का?

फिजिओ, नांदेड: अजिबात नाही, कातडी सुटेल. त्या जागेवरचा भार काढा, डॉक्टरांना दाखवा.

लातूरकर: संडासावर चार पायांची कमोड खुर्ची, चाकांची नको. दांडी डाव्या हाताला. पाहुणे कुठल्या तरी गावचं औषध सुचवतीलच. ऐकून घ्या, पण बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडू नका. पुन्हा तोंड वाकडं झालं, बोबडी वळली तर वेळ टिपून लगेच 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.