बाबांच्या कॅन्सरच्या तुकड्याच्या टेस्टमध्ये पी१६ निगेटिव्ह आलं, पण डॉक्टर खूश दिसले नाहीत. हे चांगलं की वाईट?

ऑटोवाल्याचा पोरगा (सक्करदरा):
बाबा ५८ वर्षांचे, ऑटो चालवतात. ३० वर्षांपासून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), दिवसाला सात-आठ. पन्नीतून काढला की डाव्या गालात दाबायचा, मेडिकल चौक ते बर्डी तोच पुरायचा. दोन वर्षं झाली, सावजीचा रस्सा ओठाला लागला तरी आग होते म्हणून साधं वरण-भात खाऊन राहिले. तोंड दोन बोटांवर उघडत नाही. दिवाळीनंतर त्याच डाव्या गालात, हिरडीजवळ जखम झाली. बायोप्सीत कॅन्सर निघाला.

पहिल्या रिपोर्टनंतर एका खाजगी लॅबने "मार्कर पण करून घ्या" म्हटलं, म्हणजे त्याच तुकड्यातली काही प्रोटीनं बघायची टेस्ट, आम्ही पैसे भरले. आता कागदावर लिहिलंय : पी१६ निगेटिव्ह, पी५३ पॉझिटिव्ह, केआय-६७ ६० टक्के. कोरोनापासून आमच्या घरी निगेटिव्ह म्हणजे पेढे. काकाने इंटरनेटवर वाचलं की पी१६ म्हणजे व्हायरसचा कॅन्सर, आणि तो असला तर बरा होतो. म्हणजे आमचं वाईट झालं? तिकडे व्हायरस ऐकून आईने बाबांचं ताट आणि स्टीलचा ग्लास वेगळा केला, ग्लासला लाल दोरा बांधला. बाबा काही बोलत नाहीत, त्याच ग्लासातून पाणी पितात. मला समजून नाही राहिलं.

बेसातली पोर:
भाऊ, आधी सांग, खर्रा सुटला का?

ऑटोवाल्याचा पोरगा:
बायोप्सीच्या दिवशी सोडला म्हणे. परवा ऑटोच्या सीटखाली पन्नी सापडली.

स्लाइडवाला:
मी पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, १४ वर्षं हेच काम. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाच.

बाबांचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढून काचेवर घेतात. पी१६ प्रोटीन जिथे साचलंय तिथे रंग दिल्यावर तपकिरी दिसतं. ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक तपकिरी दिसल्या तर पॉझिटिव्ह लिहितात. आम्ही व्हायरस बघतच नाही, त्याने मागे ठेवलेली खूण बघतो.

खूण कशी उमटते ते ऐक. पी१६ हा पेशीचा ब्रेक. तो दाबला की पुढे आरबी नावाचं प्रोटीन पेशीचं विभाजन थांबवतं. काकाने वाचलेला व्हायरस म्हणजे एचपीव्ही, त्यातही १६ नंबरचा प्रकार, आपल्या ई७ प्रोटीनने ते आरबीच निकामी करतो. वायर तुटलेल्या ऑटोचा ब्रेक माणूस दाबतच राहतो ना, तसं पेशी पी१६ बनवतच राहते आणि गाडी काही थांबत नाही. आम्हाला तो साचलेला पी१६ दिसतो.

खर्र्याची गोष्ट वेगळी. तिथे तंबाखू-सुपारी पेशीचे जीनच बिघडवते. बरेचदा पी१६चं जीनच उडालेलं असतं, मग रंग कुठून येणार? पी५३ नीट असलं तर पेशीत फार टिकत नाही, बिघडलेलं मात्र साचतं, म्हणून ते पॉझिटिव्ह. तुमचा कागद खर्र्याच्या गालासारखाच आहे. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच छापलंय. आपल्याकडे अजून लोक म्हणतात, "तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो."

आता काकाचं. पॉझिटिव्हवाला बरा होतो, हे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरबद्दल खरं आहे. गालाच्या कॅन्सरमध्ये पी१६ने उपचार ठरत नाही, म्हणून डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही. ही टेस्ट करायला नको होती, असं माझं स्पष्ट मत. केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या घाईत आहेत त्याचा आकडा, त्यावर रात्र जागू नको. दोन गोष्टी विचार : जखम आत किती मिलिमीटर गेली, आणि मानेच्या गाठीत उतरली का. ५ आणि १० मिलिमीटरला स्टेजचा हिशेब बदलतो.

जाऊबाई, प्रतापनगर:
माझ्या दिराला टॉन्सिलचा होता. सुपारीच्या खांडालाही हात न लावणारा माणूस, दाढी करताना मानेला गाठ लागली. पी१६ पॉझिटिव्ह आलं आणि नातेवाइकांनी जावेला नको नको ते ऐकवलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की हा व्हायरस कितीतरी लोकांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत तो घालवतं, थोड्यांत राहून जातो आणि खूप वर्षांनी डोकं वर काढतो. पसरतो तो मुख्यतः शरीरसंबंधातून, ताट-ग्लासातून नाही. तुझ्या बाबांच्या कागदावर तर त्याची खूणही नाही. आणि कॅन्सर कोणाचाच कोणाला लागत नाही. आईला म्हणावं, दोरा सोड.

ऑटोवाल्याचा पोरगा:
वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी ग्लास रॅकमध्ये होता. सीटीत जखम ८ मिलिमीटर, मानेत एक गाठ संशयाची. ऑपरेशन मंगळवारी. भूल देणारे डॉक्टर तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजत होते, कशाला?

स्लाइडवाला:
श्वासाची नळी घालायला जागा लागते. एवढं कमी उघडत असेल तर नाकातून दुर्बिणीने घालतात. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरतील.