मदत हवी आहे : तिव्होलीच्या तुटक्या शिलालेखातला 'इतेरुम' कशाला जोडायचा?

नमस्कार मंडळी,

लॅटिन येणारं, जुने लेख वाचणारं कुणी इथे असेल तर जरा वाट दाखवा. महिनाभर एका दगडापाशी अडकलोय.

रोमजवळच्या तिव्होलीत १७६४ साली सापडलेला हा तुकडा आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. एका बड्या रोमन अधिकाऱ्याची कारकीर्द त्यावर कोरलेली आहे, पण नाव असलेला भागच गेलाय. उरलेल्या ओळींत आधी कुणा राजाचा उल्लेख येतो. मग काहीतरी पहिला रोमन सम्राट ऑगस्टस आणि रोमन जनतेच्या सत्तेखाली आल्याचं, त्यासाठी दोनदा देवांची आभारपूजा झाल्याचं आणि या गृहस्थाला विजयवीराची मानचिन्हं मिळाल्याचं कळतं. नंतर प्रोकॉन्सल (प्रांताचा राज्यपाल) म्हणून आशिया प्रांत (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) आणि शेवटी सीरिया. ऑगस्टसला 'दिवी', म्हणजे देवपदाला पोचलेला, म्हटलंय, म्हणजे लेख त्याच्या मृत्यूनंतरचा, इ.स. १४ च्या पुढचा.

खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे : 'दिवी औगुस्ती इतेरुम सिरियाम'. 'इतेरुम' म्हणजे दुसऱ्यांदा. पण काय दुसऱ्यांदा? सीरिया दुसऱ्यांदा मिळाला, की सम्राटाचा लेगेट (लॅटिनमध्ये 'लेगातुस', त्याच्या वतीने प्रांत सांभाळणारा) म्हणून ही दुसरी नेमणूक आणि ती सीरियात? मी छापील पाठ चौकटीच्या वहीत एका घरात एक अक्षर असा उतरवला, तेव्हा लक्षात आलं की 'लेगातुस' हा शब्द दगडावर नाहीच! वरच्या ओळीची उजवी कड तुटली आहे आणि अभ्यासकांनी तो कंसात भरलाय. ज्या शब्दावर सगळा अर्थ टेकलाय, तोच गायब.

जर्मन इतिहासकार मोमसेनने इथे क्विरिनियस हा रोमन अधिकारी पाहिला. गलेशियाचा राजा अमिंतास याला मारणाऱ्या होमोनादेन्स या डोंगरी टोळीला क्विरिनियसने नमवलं आणि मानचिन्हं मिळवली, हे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. इ.स. ६ मध्ये तो सीरियात होता आणि जनगणना त्यानेच केली. लूकच्या शुभवर्तमानात मात्र येशूच्या जन्माच्या वेळची, म्हणजे त्याच्या काही वर्षं आधीची, गणना क्विरिनियसच्याच नावावर आहे. त्यामुळे तो सीरियात आधीही एकदा होता, असं या दगडावरून सिद्ध करायची अनेकांना ओढ वाटली. रोमचा इतिहासकार रोनाल्ड साईमने उलट लुसियस कालपुर्नियस पिसो हा सेनापती सुचवला. त्याने थ्रेसचं (आजच्या बल्गेरियाच्या भागातलं) बंड मोडलं आणि त्याच बंडात तिथला राजा राइस्कुपोरिस मारला गेला होता.

मला पिसो जास्त पटतो. पदाचा आकडा लॅटिनमध्ये पदामागून येतो : 'कॉन्सुल इतेरुम' म्हणजे दुसऱ्यांदा कॉन्सल. त्या न्यायाने 'इतेरुम' मागच्या 'लेगातुस'कडे जायला हवा, म्हणजे सीरिया दोनदा मिळालेला माणूसच शोधायची गरज उरत नाही. मात्र पिसो सीरियात असल्याचा दुसरा धडधडीत पुरावा मला सापडलेला नाही, म्हणून मन घट्ट होत नाही.

तर विचारायचंय ते असं. एकाच माणसाने वेगवेगळे प्रांत सांभाळले आणि तरी 'लेगातुस... इतेरुम' असं कोरलंय, असा न तुटलेला एखादा लेख कुणाच्या पाहण्यात आहे का? आणि उजवी कड किती अक्षरांची होती, हे अक्षरांच्या रुंदीवरून कसं मोजतात? 'आय' आणि 'एम' एकाच मापाने धरले तर माझा हिशोब दर ओळीला वेगळा येतोय. ज्यांनी दगडावर ओला कागद दाबून अक्षरांचे ठसे घेऊन असं काम केलंय, त्यांनी पद्धत सांगितली तर मी सगळ्या ओळी पुन्हा मांडून इथेच टाकतो.